जतन न झालेले काम आणि संगणकाचा प्रश्न

मार्चअखेरीस ग्रामपंचायतीच्या कार्यालयात करवसुलीच्या कामाची गर्दी असते. नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, हिचा तक्ता संगणकाच्या पडद्यावर उघडा आहे आणि परिचालक सकाळपासून एकेका मिळकतीची मागील थकबाकी व चालू मागणी ताडून आकडे दुरुस्त करीत आहे, असे समजू. मध्येच पंचायत समितीकडून दूरध्वनी येतो. एक माहिती तातडीने हवी असते. ती पाठविण्यासाठी दुसरी खिडकी उघडली जाते आणि मूळ तक्ता तिच्या आड जातो. अर्ध्या तासाने परिचालक आपल्या कामाकडे वळतो. तक्ता समोर दिसत नाही, म्हणून तो फाईलच्या नावावर पुन्हा क्लिक करतो. पडद्यावर एक चौकट उमटते.

चौकटीतील मजकूर इंग्रजीत असतो. त्याचा आशय असा, की ही फाईल आधीच उघडलेली आहे, ती पुन्हा उघडल्यास आपण केलेले बदल टाकून दिले जातील, तरी फाईल पुन्हा उघडावयाची आहे काय? खाली दोन बटणे असतात, ‘होय’ आणि ‘नाही’. परिचालकाला फाईल उघडावयाचीच असते, त्यासाठीच तर त्याने क्लिक केलेले असते. तो ‘होय’ दाबतो. तक्ता तत्काळ समोर येतो. पण तो सकाळचा तक्ता असतो. मधल्या चार तासांतील एकही दुरुस्ती त्यात नसते.

प्रसंग उदाहरणादाखल घेतला असला, तरी संदेश काल्पनिक नाही. हिशेबाच्या तक्त्यांसाठी कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सेल या आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्यांत तो याच आशयाने येत आलेला आहे. असे काम बुडाले, की कार्यालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘वाचले का नाही?’ हा. प्रश्न वावगा नाही. परंतु जो संदेश घाईत असलेल्या, दुसऱ्या कामातून परत आलेल्या आणि इंग्रजीशी बेताचाच परिचय असलेल्या माणसापुढे यावयाचा आहे, तो त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला होता काय, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. संगणकीकरण आता ग्रामपंचायत, शाळा आणि तहसील कार्यालय यांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाले आहे. शासकीय विभाग स्वतःसाठी आज्ञावली करवून घेतात, त्यांतील संदेशांचे मराठी मसुदे तपासतात आणि तयार आज्ञावलीची चाचणी घेऊन ती स्वीकारतात. म्हणून या छोट्याशा चौकटीची घडण समजून घेणे हे केवळ संगणकतज्ज्ञांचे काम राहिलेले नाही.

एक फाईल, दोन प्रती

गोंधळाचे मूळ एका साध्या वस्तुस्थितीत आहे. फाईल उघडली, की संगणक तबकडीवरील मूळ प्रत बाहेर काढून आपल्यासमोर ठेवीत नाही. तो तिची एक नक्कल आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि पडद्यावर दिसते ती ही नक्कल. आपण जे टंकतो, खोडतो, बदलतो, ते सारे या नकलेवर घडते. ‘जतन करा’ अशी आज्ञा दिल्यावर ती नक्कल तबकडीवरील मूळ प्रतीची जागा घेते. तोपर्यंत एकाच नावाच्या दोन प्रती अस्तित्वात असतात. एक तबकडीवरील, जुनी पण टिकाऊ. दुसरी स्मृतीतील, ताजी पण वीज जाताच नाहीशी होणारी.

जुन्या शिक्षकांना ही गोष्ट पाटी आणि वही यांच्या उदाहरणाने लगेच पटेल. गणित पाटीवर सोडवावयाचे आणि बरोबर आले म्हणजे वहीत उतरवावयाचे, ही रीत त्यांच्या परिचयाची आहे. पाटी पुसली गेली, तर वहीत उतरविलेले राहते, बाकीचे जाते. फरक इतकाच, की पाटी आणि वही या दोन वस्तू आहेत हे मुलाला डोळ्यांनी दिसते. संगणकाच्या पडद्यावर मात्र एकच फाईल दिसते आणि तिच्या पोटात दोन प्रती दडलेल्या आहेत, याची कोणतीही खूण सहसा ठळकपणे दाखविलेली नसते.

कार्यालयीन भाषेने या गोंधळात भरच घातली आहे. आपल्याकडे फाईल म्हणजे नस्ती. बंद झालेली नस्ती पुन्हा उघडली, म्हणजे तिच्यातील टिपण्या, पत्रव्यवहार आणि शेरे जसेच्या तसे हाती येतात. नस्ती पुन्हा उघडल्याने तिच्यातील काही नष्ट झाले, असे कधी घडत नाही. किंबहुना काहीही नष्ट होऊ नये यासाठीच नस्ती ठेवावयाची असते. चुकीचा आकडासुद्धा खरवडून काढावयाचा नसतो, त्यावर एक रेघ मारून, शेजारी बरोबर आकडा लिहून आद्याक्षरी करावयाची असते. अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला ‘फाईल पुन्हा उघडावयाची काय?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटला, तर त्यात त्याचे अज्ञान दिसत नाही, उलट कार्यालयीन संस्कारच दिसतो. संगणकाने ‘पुन्हा उघडणे’ या शब्दाला ‘पाटी पुसून वहीतले पुन्हा उतरविणे’ असा अर्थ दिला आणि तो कोणाला सांगितला नाही.

प्रश्नाचे दोष

वरील एक्सेलच्या संदेशाकडे आता बारकाईने पाहावे. त्याच्या बाजूने सांगावयाचे, तर नुकसानीची सूचना त्यात आहे. ती लपविलेली नाही. तथापि ती वाक्यांच्या मध्यभागी आहे आणि प्रश्न आहे तो वेगळ्याच गोष्टीविषयी. नुकसान बदलांचे होणार आहे, पण विचारले आहे ते उघडण्याविषयी. वाचणाऱ्याची नजर घाईत शेवटच्या वाक्यावर आणि बटणांवर जाते, हे पत्रव्यवहार हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. लांब परिपत्रकातही माणूस आधी शेवटचा परिच्छेद पाहतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विनाशाचा मार्ग ‘होय’ या शब्दावर ठेवलेला आहे. जो शब्द माणूस संमती, सहकार्य आणि पुढे चालण्यासाठी वापरतो, त्याच शब्दाने येथे काम पुसले जाते. एकट्या ‘होय’ला स्वतःचा अर्थ नसतो, तो प्रश्नातून येतो, आणि प्रश्न अर्धवट वाचला गेला की ‘होय’चा अर्थ वाचणाऱ्याच्या मनातील प्रश्नावरून ठरतो. परिचालकाच्या मनातील प्रश्न ‘माझा तक्ता दाखवू काय?’ असा होता. त्याचे उत्तर त्याने बरोबरच दिले.

येथेच तिसरा, सर्वांत मूलभूत दोष दिसून येतो. उघडी असलेली फाईल पुन्हा उघडू पाहणाऱ्या माणसाला बहुधा आपले अर्धवट काम समोर हवे असते. क्वचितच एखाद्याला सकाळपासूनचे सारे बदल फेकून जुनी प्रत हवी असते, आणि त्याला ती हवी असल्याचे त्याला पक्के ठाऊक असते. पहिल्या हेतूसाठी प्रश्न विचारण्याचे कारणच नाही. आड गेलेली खिडकी पुढे आणली, की काम झाले. दुसऱ्या हेतूसाठी स्वतंत्र आज्ञा असावी आणि तिचे नावही स्पष्ट असावे, जसे ‘जतन केलेली प्रत परत आणा’. दोन भिन्न हेतू एकाच क्लिकमध्ये कोंबले गेले, म्हणून प्रश्न विचारण्याची पाळी आली. चौकटीचे शब्द सुधारण्याआधी ती चौकट टाळता येते का, हे पाहणे अगत्याचे आहे.

ईमॅक्सचे उदाहरण

हे व्यवहार्य आहे काय, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका बऱ्याच जुन्या आज्ञावलीत सापडते. ग्नू ईमॅक्स ही मजकूर संपादनाची आज्ञावली १९८५ पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे आणि आजही वापरात आहे. तिच्यात आधीच उघडी असलेली फाईल पुन्हा उघडावयास सांगितली, तर कोणताही प्रश्न येत नाही. जतन न झालेल्या बदलांसह तीच प्रत समोर येते. प्रश्न येतो तो केवळ एका परिस्थितीत. दरम्यानच्या काळात तबकडीवरील मूळ फाईल दुसऱ्या कोणी बदलली असेल, तरच. तेव्हाही परिस्थितीनुसार दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण स्वतः काही बदल केलेले नसतील, तर तबकडीवरून फाईल पुन्हा वाचू काय, असे विचारले जाते. बदल केलेले असतील, तर तबकडीवरील फाईल बदलली आहे, आपले बदल टाकून देऊ काय, असा थेट प्रश्न येतो. जे जाणार आहे तेच प्रश्नात आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे उत्तराची रीत. किरकोळ प्रश्नांना ईमॅक्समध्ये एका अक्षराची कळ पुरते. परंतु जेथे काम गमावण्याचा धोका आहे, तेथे मूळ रचनेनुसार ‘होय’ हा पूर्ण शब्द टंकून एंटर दाबावे लागते. बोट सवयीने एका कळेवर पडून काम बुडू नये, एवढाच त्यामागील हेतू. दस्त नोंदविताना अंगठ्याबरोबर सही घ्यावी, तसा हा थोडासा मुद्दाम घातलेला विलंब आहे.

ईमॅक्स ही सर्वसामान्यांसाठी सोपी आज्ञावली आहे, असे कोणी म्हणणार नाही. तिच्या कळा पाठ करण्यात वर्षे जातात. तरीही या एका बाबतीत तिच्या रचनाकारांनी माणसाच्या हेतूचा जो विचार केला, तो पुढील काळातील अनेक देखण्या आज्ञावलींत आढळत नाही.

बटणावरील शब्द

बटणावर काय लिहावे, याचा इतिहास मोठा बोधप्रद व काहीसा गमतीचाही आहे. ॲपल कंपनीचा लिसा हा संगणक १९८३ मध्ये बाजारात आला. तो तयार होत असताना नवख्या माणसांना बसवून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. त्या वेळी संमतीच्या बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘हे करा’, असे शब्द होते. पडद्यावरील अक्षरांच्या वळणात इंग्रजी मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ सारखेच दिसत, शिवाय दोन शब्दांमधील जागाही अपुरी होती. त्यामुळे चाचणीस बसलेल्यांना तो शब्द ‘डोल्ट’ असा वाटला. त्याचा अर्थ मठ्ठ माणूस. संगणक आपणास मूर्ख का म्हणतो, असा त्यांचा समज झाला. ते शब्द काढून तेथे ‘ओके’ आले, आणि पुढे जगभर पसरले. माणसांसमोर ठेवून पाहिल्याखेरीज शब्दाची पारख होत नाही, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण आहे.

पण ‘ओके’नेही प्रश्न सुटला नाही. १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशवरील आरंभीच्या आज्ञावलींत फाईल बंद करताना बदल जतन करावयाचे काय, या प्रश्नाखाली ‘होय’, ‘नाही’ आणि ‘रद्द’ अशी बटणे असत. अनुभवाने ॲपलने आपले मत बदलले. रचनाकारांसाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत बटणावर क्रियापद असावे, असा आग्रह दिसतो. त्यानुसार ‘जतन करा’, ‘जतन करू नका’ आणि ‘रद्द’ अशी बटणे रूढ झाली. ‘जतन करू नका’ हे बटण इतर दोहोंपासून थोडे दूर ठेवण्याची प्रथाही पडली, म्हणजे हात घसरला तरी काम बुडू नये. मायक्रोसॉफ्टच्या साध्या नोटपॅडमध्ये हाच बदल व्हावयास विंडोज व्हिस्टाची, म्हणजे २००७ सालाची वाट पाहावी लागली. तोपर्यंत तेथे ‘होय’, ‘नाही’, ‘रद्द’ हेच चालू होते.

क्रियापदाचा लाभ असा, की प्रश्न न वाचताही उत्तराचा अर्थ कळतो. चौकटीतील मजकूर हाताने झाकावा आणि नुसती बटणे वाचावीत. प्रत्येक बटण दाबल्यावर काय होईल हे सांगता आले, तर बटणे ठीक आहेत. ‘होय’ आणि ‘नाही’ या कसोटीला उतरत नाहीत.

सवयीचा प्रश्न

धोक्याच्या प्रत्येक जागी प्रश्न विचारला, की सुरक्षितता वाढते, असा समज कार्यालयांतही आहे आणि आज्ञावली करणाऱ्यांतही आहे. मॅकिंटॉशच्या प्रकल्पाचा प्रारंभ करणारे जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याविरुद्ध सविस्तर विवेचन केले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एकच प्रश्न वारंवार येऊ लागला म्हणजे त्याचे उत्तर मूळ कृतीचाच भाग होऊन बसते. पुसून टाका, होय; बंद करा, होय; अशी जोडी बोटांना पाठ होते आणि मन तेथे उपस्थित राहत नाही. ज्या दिवशी खरोखर विचार करावयाचा असतो, त्या दिवशीही बोटे आधीच पुढे गेलेली असतात.

दररोज पन्नास कागदांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. एक्कावन्नाव्या कागदावरही तशीच सही होते.

त्यामुळे प्रश्नांची संख्या कमी करणे हाच प्रश्न परिणामकारक करण्याचा पहिला उपाय ठरतो. बदल केलेलेच नसतील, तर जतनाविषयी विचारू नये. खिडकी पुढे आणून भागत असेल, तर चौकट दाखवू नये. आणि काही टाकून देण्याची आज्ञा खरोखर मिळालीच, तर टाकलेले काम लगेच नष्ट न करता काही काळ बाजूला ठेवावे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१० च्या आवृत्तीपासून ही सोय आली. अधूनमधून आपोआप घेतलेली प्रत उपलब्ध असल्यास, जतन न करता बंद केलेल्या नव्या फाईलचा मसुदा चार दिवस ठेवला जातो आणि तो परत मिळविता येतो. ही सोय अनेक परिचालकांना ठाऊक नसते, कारण ती जेथे हवी तेथे, म्हणजे काम हरवल्यावर प्रथम जेथे नजर जाते तेथे, दाखविली जात नाही.

मराठी मसुदा करताना

संदेश मराठीत आणले, की काम संपले असे नाही. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द ठेवताना नव्या अडचणी उद्भवतात, आणि त्या मराठी जाणणाऱ्यासच दिसतात.

सर्वांत अवघड शब्द ‘रद्द’ हा आहे. चौकटीतून माघार घेण्याच्या बटणावर मराठीत बहुधा ‘रद्द करा’ असे लिहिलेले असते. आता प्रश्न असा आला, की ‘केलेले बदल रद्द करावयाचे आहेत काय?’ आणि त्याखाली ‘होय’ व ‘रद्द करा’ अशी दोन बटणे आहेत, तर काय समजावे? ‘रद्द करा’ दाबल्याने बदल रद्द होतील, की बदल रद्द करणे रद्द होईल? कोणीही बदल वाचविण्याऐवजी गमावील अशी ही रचना आहे. उपाय साधा आहे. बदलांच्या बाबतीत ‘टाकून द्या’ म्हणावे आणि माघारीच्या बटणावर ‘कामावर परत जा’ असे लिहावे. ‘टाकून द्या’ हे शब्द काहींना कार्यालयीन भाषेस न शोभणारे वाटतील. परंतु त्यांचा अर्थ शिपायापासून सचिवापर्यंत कोणालाही विचारावा लागत नाही.

दुसरी अडचण नकारार्थी प्रश्नांची. ‘अहवाल पाठविला नाही काय?’ या प्रश्नाला एक जण ‘हो, नाही पाठविला’ असे उत्तर देतो, दुसरा ‘नाही, नाही पाठविला’ असे म्हणतो. दोघांनाही एकच सांगावयाचे असते. समोर माणूस असेल तर पुढच्या शब्दांवरून उलगडा होतो, बटणाला पुढचे शब्द नसतात. म्हणून ‘बदल जतन न करता फाईल बंद करावयाची ना?’ अशी वाक्यरचना संदेशात कधीही वापरू नये.

तिसरी गोष्ट शब्दांच्या एकवाक्यतेची. एकाच क्रियेला कोठे ‘जतन करा’, कोठे ‘साठवा’, तर कोठे ‘सेव्ह करा’ असे म्हटलेले आढळते. तिन्ही शब्द समजण्याजोगे आहेत. ‘जतन’ या शब्दात तर सांभाळून ठेवण्याचा भावही आहे. पण एकाच आज्ञावलीत तिन्ही आले, तर या तीन वेगळ्या क्रिया आहेत की काय, असा संशय येतो. ‘बदल परावर्तित करण्यात येतील’ यासारखी शब्दयोजनाही टाळावी. तिच्यावरून बदल राहतील की जातील, हे भाषेच्या पदवीधरालाही खात्रीने सांगता येणार नाही.

या साऱ्याचा विचार करून, जुनी प्रत मुद्दाम मागणाऱ्या परिचालकापुढे पुढीलप्रमाणे मजकूर ठेवता येईल: ‘कर मागणी या फाईलमध्ये दुपारी १२.१० नंतर केलेले बदल जतन झालेले नाहीत. १२.१० ची प्रत परत आणल्यास हे बदल जातील.’ त्याखाली तीन बटणे असावीत: ‘कामावर परत जा’, ‘बदलांची वेगळी प्रत ठेवून जुनी आणा’ आणि ‘बदल टाकून जुनी आणा’. एंटर दाबल्यास पहिले बटण लागू व्हावे आणि शेवटचे बटण बाजूला असावे. वेळेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ‘काही बदल’ म्हटल्याने किती काम जाणार याची कल्पना येत नाही, ‘१२.१० नंतरचे’ म्हटले, की जेवणाच्या सुट्टीआधीचे की नंतरचे हे माणसाला लगेच आठवते. बदललेल्या ओळींची संख्याही देता येईल. मात्र ती संख्या आज्ञावलीस बिनचूक मोजता येत असेल तरच द्यावी.

वीज गेल्यानंतर

ग्रामीण भागात यापेक्षा वेगळा एक प्रसंग अधिक परिचयाचा आहे. काम चालू असताना वीज जाते, बॅटरीचा आधार अपुरा पडतो, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तीच फाईल उघडावयाची असते. येथे खिडकी पुढे आणून भागत नाही, कारण स्मृतीतील प्रत गेलेली असते. आज्ञावलीने अधूनमधून बाजूला काढून ठेवलेली प्रत असेल, तर तिच्यातून काम परत मिळविता येते. ऑफिसच्या आज्ञावलींत अशी प्रत ठेवण्याचा मूळ कालावधी १० मिनिटांचा असतो. तो कमी करता येतो, आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे तो कमी करून घेणे इष्ट आहे.

या प्रसंगी कोणता प्रश्न विचारावा, याचा एक बारकाईने केलेला नमुना विम या संपादन-आज्ञावलीत पाहावयास मिळतो. ती १९९१ पासून उपलब्ध असून तिचे कर्ते ब्राम मूलेनार यांचे २०२३ मध्ये निधन झाले. विम प्रत्येक उघड्या फाईलसाठी तबकडीवर एक राखीव फाईल ठेवते. पुढे तीच फाईल उघडताना अशी राखीव फाईल आढळली, तर विम थांबते आणि सविस्तर माहिती देते: राखीव फाईल कोणाची, कोणत्या तारखेची, कोणत्या संगणकावरील, तिच्यात जतन न झालेले बदल आहेत किंवा नाहीत. त्यानंतर ती दोन शक्यता सांगते. एकतर दुसरा कोणी ही फाईल आत्ता संपादित करीत असेल, किंवा मागील वेळी काम मध्येच तुटले असेल. प्रत्येक शक्यतेत काय करावे, हेही सांगते. मूळ फाईल राखीव फाईलपेक्षा नवी असेल, तर तोही इशारा देते. मग केवळ वाचण्यासाठी उघडणे, तरीही संपादन करणे, राखीव फाईलमधून काम परत मिळविणे, राखीव फाईल काढून टाकणे, किंवा माघार घेणे, असे पर्याय येतात. फाईल दुसरीकडे अजून उघडी असल्याचे दिसून आले, तर राखीव फाईल काढून टाकण्याचा पर्यायच दाखविला जात नाही. जो पर्याय त्या स्थितीत घातक आहे तो मांडावयाचाच नाही, ही दृष्टी अनुकरणीय आहे.

मात्र हा संदेश प्रथमच पाहणारा माणूस त्याच्या लांबीने घाबरून जातो, हेही तितकेच खरे. त्यातील माहिती मोलाची असली, तरी मांडणी अनुभवी माणसासाठी आहे. सामान्य कार्यालयासाठी तीच माहिती तीन ओळींत द्यावी लागेल आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी पाहून निवडण्याची सोय करावी लागेल.

आपोआप जतन

जतन करण्याची आज्ञाच नको, असाही विचार गेल्या दोन दशकांत बळावला आहे. गूगल डॉक्समध्ये टंकलेला मजकूर आपोआप जतन होतो. ॲपलने जुलै २०११ मध्ये आणलेल्या मॅक ओएस एक्स लायन या प्रणालीत आपोआप जतन आणि जुन्या आवृत्त्या ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये जतन न केलेला मजकूरही पुढील वेळी जसाच्या तसा उघडेल अशी सोय केली. अशा ठिकाणी ‘जतन करू काय?’ हा प्रश्न उरत नाही, आणि तो न उरणे हेच बहुधा चांगले.

कार्यालयांत मात्र यामुळे एक नवी गफलत होऊ लागली. मागील वर्षाचे परिपत्रक उघडावयाचे, त्यात तारखा व आकडे बदलावयाचे आणि शेवटी नव्या नावाने जतन करावयाचे, ही पद्धत सर्वत्र आहे. ऑफिसच्या नव्या आवृत्त्यांत फाईल वनड्राइव्हवर असेल व आपोआप जतन चालू असेल, तर बदल होताच ते जुन्या परिपत्रकावर लिहिले जातात. नवे नाव देण्याची वेळ येईपर्यंत मागील वर्षाचे परिपत्रक बदलून गेलेले असते. जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय तेथे आहे. पण मूळ बिघडले आहे हे कळले, तरच कोणी तिच्याकडे जाईल. यास्तव जुना मजकूर आधाराला घेताना प्रथम त्याची प्रत काढावी आणि मगच पहिला शब्द बदलावा, ही सवय प्रशिक्षणातच लावावयास हवी.

आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी

विभागाने करवून घेतलेली आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी चाचणी होते. त्या चाचणीत आकडेमोड बरोबर येते काय, अहवाल योग्य नमुन्यात निघतो काय, याकडे लक्ष असते. काम अर्धवट असताना काय होते, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. त्यासाठी फारशा साधनांची आवश्यकता नाही. वीस नोंदी भराव्यात, जतन न करता दुसरे काम उघडावे आणि मग तीच फाईल किंवा तोच अर्ज पुन्हा उघडून पाहावा. एकदा संगणकाची वीजजोडणी काढून पाहावी. आणि हे तज्ज्ञाने करू नये. ज्या परिचालकास किंवा शिक्षकास ती आज्ञावली रोज वापरावयाची आहे, त्यास बसवावे व चौकट आल्यावर त्याने काय समजून बटण दाबले, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. पाच-सहा जणांनी एकाच ठिकाणी अडखळावे, म्हणजे शब्द बदलावयाचे आहेत हे उघड होते.

तीच फाईल दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडून पाहणेही आवश्यक आहे. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापक आणि लिपिक यांनी सामायिक जागेवरील एकच तक्ता उघडला, असे वारंवार घडते. अशा वेळी एक्सेल दुसऱ्या व्यक्तीस सांगते, की फाईल अमुक व्यक्तीकडे संपादनासाठी अडकलेली आहे, ती केवळ वाचण्यासाठी उघडता येईल, अथवा मोकळी झाल्यावर कळविता येईल. संदेश बराच स्पष्ट आहे. परंतु त्यातील नाव संगणकावर ऑफिस बसविताना जे लिहिले गेले, तेच येते. अनेक कार्यालयांत ते पुरवठादाराने सर्व यंत्रांवर एकसारखे लिहून ठेवलेले असते. मग फाईल कोणाकडे अडकली आहे, हे शोधण्यासाठी लिपिकाला प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारावे लागते, किंवा कंटाळून तो वेगळ्या नावाने दुसरी प्रत काढतो आणि एका तक्त्याचे दोन तक्ते होतात. प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये हे नाव बदलून तेथे त्या टेबलाचे पदनाम लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात.